सूत्रधाराचे मोल : झाडीपट्टीच्या संदर्भात एक विचार

‘मानधन’ हा शब्द मराठीत आज ‘मानाने द्यावयाचे धन’ या अर्थी रूढ आहे. संस्कृतात तो बहुव्रीही समास आहे. मान हेच ज्याचे धन असा पुरुष तो मानधन. भारवीने ‘किरातार्जुनीया’च्या पहिल्या सर्गात दुर्योधनाच्या योद्ध्यांना हे विशेषण लावले आहे, आणि त्याला लागूनच हे योद्धे धनाने सत्कारलेले होते असेही म्हटले आहे. मान हेच ज्यांचे धन त्यांना धनाने गौरविण्यात भारवीला विसंगती दिसली नाही. मराठीने मात्र शब्दाचा अर्थ फिरविला आणि त्याबरोबर एक संकोचही पत्करला. गवंड्याला मजुरी, कारकुनाला वेतन, पण कीर्तनकाराला बिदागी, व्याख्यात्याला मानधन. कलेच्या मोबदल्यावर मानाचे वस्त्र पांघरल्याशिवाय तो हातात ठेवण्यास मराठी मन धजत नाही. हा संकोच सर्वस्वी निराधार नाही. पण तो कोठे योग्य आणि कोठे अस्थानी, याचा विचार नीट झालेला नाही.

तो करण्यास एक दूरचे निमित्त उपलब्ध आहे. १९७४ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या लहानशा गावातून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा एक खेळ प्रसिद्ध झाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. या खेळात चारपाच माणसे एका मेजाभोवती बसतात आणि प्रत्येकजण एकेक पात्र आपले म्हणून पत्करतो. एकजण मात्र पात्र घेत नाही. तो प्रसंग उभा करतो, वाटेत भेटणारे राजे, चोर व राक्षस हे सारे स्वतः बोलतो, आणि संशय पडेल तेथे फासे टाकून निर्णय देतो. संवाद आधी लिहिलेले नसतात. कथा कोठे जाईल हे कोणालाच, त्यालाही, पुरते ठाऊक नसते. या माणसास त्या खेळात ‘मास्टर’ म्हणतात. सुमारे चार दशके हे काम मित्रामित्रांत, फुकट, होत आले. अलीकडे त्यासाठी पैसे घेणारे मास्टर पुढे आले आहेत आणि त्यांच्या व खेळाडूंच्या गाठी घालून देणारे व्यवसायही निघाले आहेत. पुण्यामुंबईतही हा खेळ खेळणारी मंडळी आहेत. यावरून खेळणाऱ्यांत जो वाद माजला त्याचे स्वरूप सोपे आहे. एक पक्ष म्हणतो, तासन्‌तास तयारी करणाऱ्याने उपाशी का राहावे? दुसरा म्हणतो, मैत्रीत मोल शिरले की खेळ उरत नाही, गिऱ्हाइकी उरते.

मराठी नाट्याच्या अभ्यासकास हा वाद परका वाटू नये. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले तेव्हा रंगभूमीवर जी व्यवस्था होती ती आठवावी. पदे सूत्रधार गात असे. पात्रे त्या पदांच्या अनुरोधाने हावभाव करीत आणि मग आपापले भाषण आयत्या वेळी, स्वतःच्या शब्दांत करीत. भाषणांची लिखित संहिता नव्हती. सूत्रधार प्रारंभी येऊन निघून जाणारा नव्हता. तो शेवटपर्यंत उभा असे, कथेचा धागा त्याच्या हाती असे, आणि कोणी राक्षस ‘अलल्डुर्र’ करीत भरकटला तर त्याला कथेत परत आणणे हेही त्याचेच काम. साम्य अर्थात् पूर्ण नाही. भाव्यांच्या आख्यानाचा शेवट पुराणाने ठरविलेला होता; रावणाच्या हातून धनुष्य उचलले जाणार नाही हे सांगलीतील पोरासही ठाऊक होते. मेजावरील खेळात धनुष्य उचलले जाईल की नाही हे फासे सांगतात, आणि त्यापुढची कथा मास्टरने तेथल्या तेथे रचावयाची असते. म्हणजे त्याचे काम भाव्यांच्या सूत्रधाराहून अधिक अवघड आहे, कमी नाही.

भाव्यांच्या मोबदल्याचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. कर्नाटकातील भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाल्यावर तसे काही मराठीत करावे अशी इच्छा चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी दर्शविली आणि राजाश्रयाने मंडळी उभी राहिली. १८५१ साली आप्पासाहेब वारले व हा आश्रय सरला. मंडळी गावोगाव हिंडू लागली, आणि १८५३ साली मुंबईत तिकीट लावून खेळ झाले. मराठी रंगभूमीचा व्यावसायिक काळ येथून मोजण्याचा प्रघात आहे. पण लक्षात घ्यावयाची गोष्ट निराळीच आहे. सांगलीत खेळ फुकट होता असे नाही. त्याचे मोल एका माणसाने दिले होते. मुंबईत तेच मोल अनेकांनी थोडे थोडे दिले. सूत्रधार दोन्हीकडे तोच, पदेही बहुधा तीच. तेव्हा नाटक धंदा कधी झाले, असा प्रश्न विचारण्याऐवजी मोल कोणी दिले आणि देणाऱ्याला त्याबदली काय मिळाले, असा प्रश्न विचारणे अधिक फलदायी ठरते.

पुढे १८६१ साली कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव’ आले, ‘बुकिश’ नाटकांची चाल पडली, आणि १८८० साली किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’ने संगीत नाटकाचा पाया घातला. संवाद लिहिलेले मिळू लागताच कथा सांभाळणारा सूत्रधार अनावश्यक झाला. नांदी व प्रवेशसूचना यांपुरता तो उरला. त्याचे उरलेले काम, म्हणजे चुकणाऱ्या नटास सावरणे, विंगेत उभ्या असलेल्या प्रॉम्प्टरकडे गेले. रंगमंचाच्या मध्यभागाहून विंगेपर्यंतचा हा प्रवास प्रतिष्ठेच्या दृष्टीने फार मोठा आहे. दशावतारासारख्या संहितेविना चालणाऱ्या प्रकारांत जुनी रीत टिकली, हे खरे. परंतु आख्यान सांभाळणाऱ्याच्या मोलाचा प्रश्न ज्या प्रदेशात सर्वांत स्पष्ट दिसतो तो कोकण नव्हे, झाडी आहे.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या धानाच्या आणि जंगलाच्या जिल्ह्यांस झाडीपट्टी म्हणतात. वैनगंगेच्या खोऱ्यातील आरमोरी हे त्यातील एक तालुक्याचे ठाणे. १९८२ साली गडचिरोली जिल्हा वेगळा होईपर्यंत ते चंद्रपूर जिल्ह्यात होते. धान कापून झाले, दिवाळी सरली, की भाऊबीजेपासून या भागात मंडई भरू लागतात. पाहुणे येतात, दिवसा बाजार आणि काही गावी बैलांचा शंकरपट, आणि रात्री नाटक. ते रात्री उशिरा सुरू होते आणि उजाडेपर्यंत चालते. होळीपर्यंत हा हंगाम असतो. आरमोरीच्या शेजारी वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या नाटकांचे केंद्र. गोंदियाहून चंद्रपूरकडे जाणारा लोहमार्ग वडशावरून जातो, आणि जिल्ह्यात रेल्वेने पोचण्याचे ठिकाण दीर्घकाळ तेच होते. नागपूरकडील नट व वादक तेथे उतरावेत आणि कंपन्यांनी आपली कार्यालये तेथे थाटावीत, यामागे हे एक कारण असावे. हंगामात वडशाच्या रस्त्यावरील फलक वाचीत गेले तरी या रंगभूमीची व्याप्ती कळते.

ही रंगभूमी आजच्या स्वरूपाला आली ती एका दमात नव्हे. तिच्या तीन अवस्था दिसतात, आणि प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने मधली सर्वांत महत्त्वाची आहे.

पहिली अवस्था दंडारीची. दंडारीत गावातले पुरुषच गातात, नाचतात, स्त्रीभूमिकाही तेच करतात. प्रसंग घडतो तो गावच्याच माणसांत. खेळणारा आणि पाहणारा यांत भेद असतो तो केवळ त्या रात्रीपुरता, कारण आज पाहणारा उद्या नाचणार असतो. येथे मोलाचा प्रश्नच उपस्थित होत नाही; घरोघरी काही मिळाले तर ते सणाचे देणे. दुसरी अवस्था गावच्या नाट्यमंडळाची. गावातले तरुण नाटक बसवीत. नट ते स्वतःच. पण नाटक बसविणारा तालीममास्तर, पेटी वाजविणारा, तबलजी आणि पुढे पुरुषाने स्त्री होण्याची रीत मागे पडल्यावर नटी, ही माणसे बाहेरून आणली जात व त्यांना पैसे दिले जात. तिसरी अवस्था कंपनीची. गावचे मंडळ आता नाटक करीत नाही, घेते. वडशाच्या कंपनीला इसार देऊन तारीख ठरविते, शामियाना उभारते, तिकिटे विकते आणि नफ्यातोट्याचे धनी होते. नट, नट्या, वादक, प्रॉम्प्टर सारे कंपनीचे.

मोबदल्याविरुद्धचा पक्ष नेमकी ही तिसरी अवस्था पुढे करील. पाहा, तो म्हणेल, पैसा आला आणि जो पोरगा आजोबांच्या दंडारीत नाचला असता तो आता तिकिटे फाडतो. आक्षेप खरा आहे आणि तो हलकेपणाने उडवून लावण्याजोगा नाही. झाडीपट्टीने धंद्याच्या बळावर जे मिळविले ते थोडे नाही. जिवंत वाद्यसंगीत तिने टिकविले आणि शेकडो कुटुंबांना हंगामाचे अन्न दिले. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा ५,००० हून अधिक प्रयोग केलेल्या एका गावकरी नटाचा मान देशाच्या राजधानीत झाला. परंतु गावाने स्वतः खेळणे कमी केले, ही हानी त्या जमेच्या बाजूने भरून निघत नाही. दोन गोष्टी एकाच वहीत लिहिल्या तरी त्यांची वजाबाकी होत नाही.

मात्र या हानीचे खापर मोलावर फोडण्यापूर्वी मधल्या अवस्थेकडे पाहावयास हवे. तीत तालीममास्तर पैसे घेत होता, पेटीवाला घेत होता, नटी घेत होती. आणि तरीही खेळत होता तो गावच. शेतकऱ्याचा मुलगा संभाजी होत होता आणि शाळामास्तर औरंगजेब. बाहेरच्या माणसास मोल दिल्याने गावकऱ्याचा खेळ हिरावला गेला नाही. उलट, त्या माणसावाचून तो उभाच राहिला नसता. खेळ गेला तो खेळविणाऱ्याला पैसे दिल्यामुळे नव्हे. गावाने खेळविणाऱ्याबरोबर खेळणारेही विकत घेतले तेव्हा तो गेला. हा भेद न केल्यामुळेच मोबदल्याचा वाद निष्फळ होतो. मेजावरील खेळात मास्टरने पैसे घेतले तरी पात्रे खेळाडूच खेळतात. त्याची तुलना व्हावयास हवी ती दुसऱ्या अवस्थेशी. विरोधकांच्या डोळ्यांपुढे मात्र सतत तिसरी असते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर परंपरेतून येतो. वारकरी संप्रदायात कीर्तनाचे मोल घेऊ नये असा दंडक आहे, आणि तुकारामांनी त्यात यजमानाच्या घरच्या अन्नाचीही सूट दिलेली नाही. नारदीय कीर्तनकाराची बिदागी आणि वारकऱ्याचा हा निषेध एकाच भाषेत शेजारी शेजारी नांदले, हे खरे. व्यवहारात दंडक सैलावला आहे, हेही खरे. परंतु दंडकामागील विचार समजून घेतला पाहिजे. कीर्तनात जे द्यावयाचे ते कीर्तनकाराचे नसतेच; जे आपले नाही त्याचे मोल घेणे हा अपहार, अशी त्यामागील भूमिका आहे. खेळ खेळविणाऱ्याला ती लागू पडत नाही. तो देतो ते सर्वस्वी त्याचे असते. रात्री बसून रचलेला प्रसंग, पाठ केलेले नियम, सहाजणांच्या स्वभावांचा अंदाज, घसा आणि वेळ यांतले काहीच उसने नसते. भक्तीचा दंडक कलेला लावून कलावंताला विनामूल्य राबविण्याची युक्ती मराठी समाजाने अनेकदा योजिली आहे. आणि ती योजणारे बहुतेक वेळा स्वतः पगारी असतात.

या श्रमाचे स्वरूप झाडीपट्टीतील प्रॉम्प्टरवरून चांगले कळते. येथील नटाला एका हंगामात अनेक नाटके करावयाची असतात. आज एका गावी पोलीस इन्स्पेक्टर, उद्या दुसऱ्या गावी दारुड्या बाप, परवा ऐतिहासिक सरदार. तालमींना अवधी थोडा. पुष्कळदा निरनिराळ्या ठिकाणांहून आलेली माणसे प्रयोगाच्या सुमारासच एकत्र होतात. अशा वेळी साऱ्या नाटकाची संहिता ज्याच्या हाती असते तो एकटा प्रॉम्प्टर. तो नुसते वाक्य पुरवीत नाही. कोणाला शब्द हवा आणि कोणाला नुसता इशारा पुरतो, विनोदी नट पदरचे बोलत सुटला असता त्याला किती मोकळे सोडावे आणि कोणत्या वाक्याला परत धरावे, टाळ्या ओसरेपर्यंत किती थांबावे, हे तोच ठरवितो. आणि हे सहासात तास, थंडीच्या रात्री, न झोपता. प्रेक्षकाने त्याला विसरावे हीच त्याच्या कामाची कसोटी. भाव्यांचा सूत्रधार विंगेत गेला असे वर म्हटले ते झाडीपट्टीत जवळजवळ अक्षरशः खरे ठरते. संहिता असूनही ती नटांच्या मुखात पुरती बसलेली नसते, म्हणून कथा सांभाळणाऱ्या माणसाची गरज पुन्हा उत्पन्न होते.

आणि त्याला मोल मिळते. नाटकाच्या व्यवहारात प्रत्येक प्रयोगाच्या मोबदल्याला ‘नाईट’ म्हणतात, आणि प्रॉम्प्टरही नाईटवर काम करतो. ती देताना कोणी त्याला मानाचे धन म्हणत नाही आणि घेताना कोणी संकोचत नाही. या इंग्रजी शब्दात एक प्रामाणिकपणा आहे, जो ‘मानधना’त नाही. रात्र गेली, तिचे पैसे. बिदागीचा मूळ अर्थ निरोपाचे देणे असा आहे. ती देणाऱ्याच्या मर्जीने ठरते, आणि पाहुणा निघाल्यावर हातात पडते. नाईट आधी ठरते. मर्जीपासूनची ही सुटका कलावंताच्या दृष्टीने बक्षिसापेक्षा मोठी आहे.

येथपर्यंतचे विवेचन मोबदल्याच्या बाजूचे झाले. पण मोल कोणी द्यावे या प्रश्नावर मोबदल्याचे पुरस्कर्तेही घसरतात. ‘अर्थशास्त्रा’च्या तिसऱ्या अधिकरणात ग्रामव्यवहारासंबंधी एक मार्मिक नियम आहे. गावात प्रेक्षा, म्हणजे खेळ, व्हावयाचा असता ज्याने आपला वाटा दिला नसेल त्याने आपल्या माणसांसह तो पाहू नये. लपून पाहिला किंवा ऐकला तर दुप्पट वाटा भरावा. कौटिल्याच्या कठोरपणाची गंमत वाटली तरी नियमातील गृहीत महत्त्वाचे आहे. खेळाचे मोल गावाचे असते. एकेका घराने त्यात वाटा घालावयाचा असतो. वाटा दिल्याने पाहण्याचा अधिकार मिळतो, खेळावर हुकूम चालविण्याचा नव्हे. बलुत्याच्या व्यवस्थेतही काही कलावंतांना गावाकडून असेच सामाईक देणे मिळे. ती व्यवस्था जन्माने माणसाला बांधून टाकणारी असल्यामुळे तिचे गुणगान करण्याचे कारण नाही, परंतु देणे गावाचे, एकट्याचे नव्हे, एवढा भाग तीतही होता.

याच्या उलट टोकाला दौलतजादा. तमाशात उठून पैसे देणारा प्रेक्षक आपले नाव पुकारून घेतो, आवडीची लावणी मागतो, ती पुन्हा मागतो. तेवढ्या वेळेपुरता खेळ त्याचा होतो आणि आख्यान खोळंबते. गावच्या हौशी मंडळांनाही हा रोग दुसऱ्या रूपात ठाऊक आहे. ज्याची वर्गणी मोठी त्याला नायकाची भूमिका हवी असते. तालीममास्तर कितीही जाणता असो, पाटलाच्या मुलाने शंभर रुपये अधिक दिले असता त्याला भालदार करणे त्याला जड जाते. नाटकाची नासाडी होते ती येथे, आणि तालीममास्तराने स्वतः दमडी घेतली नसली तरीही होते. किंबहुना त्याने काही घेतले नसेल तर त्याचा शब्द अधिकच हलका होतो. फुकट आलेल्या माणसाला फुकट बाजूला सारता येते.

मेजावरील खेळाचे आजचे व्यावसायिक रूप या कसोटीवर तपासले असता दोष कोठे आहे ते दिसते. अमेरिकेतील या व्यवसायात प्रत्येक खेळाडू प्रत्येक बैठकीला आपापल्या जागेचे पैसे भरतो, अशी रीत बरीच प्रचलित आहे. समजा, पाचजणांनी असे पैसे भरले आणि पहिल्याच तासाला फाशांनी एकाच्या पात्राचा मृत्यू सांगितला. नियमाप्रमाणे मास्टरने तो सांगितला पाहिजे. पण मेलेल्या पात्राचा धनी पुढल्या आठवड्यात पैसे भरील काय, हा विचार त्याच्या मनात डोकावल्यावाचून राहणार नाही. त्याने फासा झाकला, जखम हलकी केली, की उरलेल्या चौघांचे धाडस खोटे पडले. कारण ज्या खेळात कोणी मरू शकत नाही त्यात जिवावर उदार होणे म्हणजे काय? यात मास्टरचा लोभ कारण नाही. पैसे जागेगणिक आले, म्हणून प्रत्येक जागेचा एक मालक निर्माण झाला. उलटपक्षी मित्रांत फुकट खेळविणारा मास्टरही मुलाहिजा राखतोच. ज्याच्या घरी बैठक भरते त्याचे पात्र सहसा दीर्घायुषी असते. तेव्हा विनामूल्यतेने न्याय येतो हेही खरे नव्हे.

यावर असे म्हटले जाईल की, मेजाभोवतीच्या चारपाच अनोळखी माणसांना गाव कोठून आणावयाचे? प्रश्न रास्त आहे. पण गाव म्हणजे केवळ वस्ती नव्हे. एका वहीत हिशेब ठेवणारी माणसे असाही त्याचा अर्थ होतो. पाचजणांनी एकत्र येऊन, कथेच्या प्रारंभीच, काही ठराविक बैठकींचे मोल एका रकमेने ठरविले आणि ते मास्टरच्या हाती एकाच्या नावे न देता मेजाच्या नावे दिले, तर जागेचा मालक उरत नाही. कोणी कमी दिले, कोणी जास्त, हे त्यांचे त्यांनी पाहावे. मास्टरला ते कळता कामा नये. झाडीपट्टीतील मंडळ कंपनीशी याच रीतीने बोलते. तिकीट कोणी काढले, पुढच्या रांगेत कोण बसले, याच्याशी प्रॉम्प्टरचा संबंध नसतो. त्याची नाईट शामियाना भरला तरी तीच आणि अर्धा रिकामा राहिला तरी तीच असावयास हवी. येथे एक कबुली आवश्यक आहे. झाडीपट्टीतही गर्दीचा दाब संहितेवर येतो. मध्येच घुसविलेली नृत्ये, ताणलेले विनोद, यांविषयी तेथील जुने रसिकच तक्रार करीत आले आहेत. सामाईक मोलाने तो दाब नाहीसा होत नाही. एकट्याची फर्माइश आणि समूहाची आवड यांत मात्र फरक आहे. दुसरीशी झगडणे हा नाटकाचा नित्याचा धर्म. पहिलीशी झगडण्यास नाटकाजवळ साधनच नाही.

मोल आधी ठरण्याचा आणखी एक भाग आहे, ज्याकडे दोन्ही पक्षांचे लक्ष कमी जाते. खेळविणाऱ्याचे बरेच काम खेळापूर्वी होऊन गेलेले असते. बैठक मोडली तर खेळाडूची एक संध्याकाळ जाते. मास्टरचा आठवडा जातो. हंगामात अवकाळी पाऊस आला आणि मैदानात चिखल झाला, तर प्रयोग होत नाही. अशा रात्रीचा तोटा मंडळाचा, कंपनीचा की नाईटवरच्या माणसाचा? इसाराची रीत या प्रश्नाचे निदान अर्धे उत्तर देते. तारीख अडवून ठेवण्याचे मोल प्रयोगाच्या मोलाहून वेगळे धरले जाते. २०२० सालच्या टाळेबंदीने रंगभूमी बंद पडल्या तेव्हा ही अर्धी व्यवस्थाही उघडी पडली. जी तारीखच ठरली नाही तिचा इसार कोण देणार? रोजच्या रात्रीवर जगणाऱ्या माणसाचे पोट त्याच्या कीर्तीवर अवलंबून नसते, हे त्या वर्षाने दाखविले. शासनाची ज्येष्ठ कलावंतांसाठी मानधन योजना आहे. ती उतारवयातील आधार म्हणून योग्यच, परंतु चालत्या हंगामातील न्यायाची जागा ती घेऊ शकत नाही. येथेही शब्द ‘मानधन’ हाच आहे.

याचा अर्थ प्रत्येक खेळविणाऱ्याने पैसे घेतलेच पाहिजेत, असा नव्हे. दंडार आजही नाचली जाते, आणि तीत मोल शिरविण्याचा सल्ला कोणी शहाणा देणार नाही. ज्या मित्रमंडळात आज एकजण खेळवितो, उद्या दुसरा, तेथे ऋण आपोआप फिटत जाते. ती मेजावरची दंडारच होय. पाळी फिरत नाही आणि वर्षानुवर्षे एकाच माणसाने तयारी करावयाची असते, तेथे मात्र ‘आपल्यात पैशाचे काय’ हे वाक्य बहुधा न राबणाऱ्याच्या तोंडून येते.

या विषयाच्या अभ्यासाची सामग्री आरमोरीच्या आसपासच विखुरलेली असण्याचा संभव आहे. नाटक करणाऱ्या, आणि पुढे नाटक घेणाऱ्या, गावोगावच्या मंडळांनी वर्गणीचे व खर्चाचे हिशेब ठेवले असणार. अशा वह्या कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या पेटीत असतील, काही वाळवीने खाल्ल्याही असतील. झाडीबोलीच्या शब्दांचा संग्रह करण्यासाठी विद्यार्थी खेड्यापाड्यांतून हिंडतात. त्यांनी त्याच फेरीत या वह्यांची चौकशी केली तर दुसऱ्या अवस्थेतून तिसरीत जाताना प्रत्येक गावात काय घडले ते नक्की कळेल. नटीला काय दिले हे त्यांत सापडेलच. पाहावयाचे आहे ते तालीममास्तराच्या आणि प्रॉम्प्टरच्या नावापुढे कोणती रक्कम पडली आहे, आणि रकमेच्या आधी मजुरी, बिदागी, बक्षीस, नाईट यांपैकी कोणता शब्द लिहिला आहे.